'एलान्ट्रिस': आवडत्या लेखकाचं पहिलं, कच्चं पुस्तक सगळ्यात शेवटी वाचताना

चांदणवेल (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

ब्रँडन सँडरसन हा अमेरिकन फँटसी लेखक मी गेली सहा वर्षं वाचतेय. सुरुवात 'मिस्टबॉर्न'ने झाली, मग 'स्टॉर्मलाइट'च्या हजार-हजार पानी खंडांत बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये पाचवा खंड आला तेव्हा रजा टाकून वाचला. या सगळ्यात एक पुस्तक मी मुद्दाम मागे ठेवलं होतं: 'एलान्ट्रिस', २००५ साली आलेलं त्याचं पहिलं. डब्यातला शेवटचा लाडू राखून ठेवतात तसं.

गेल्या आठवड्यात तो डबा उघडला. पहिल्याच प्रकरणाने धरून ठेवलं. एलान्ट्रिस हे एके काळी देवांचं शहर. आरेलॉन देशातल्या कुणालाही, भिकारी असो की सरदार, रातोरात 'शाओड' व्हायचा आणि सकाळी तो माणूस रुपेरी कांतीचा, बोटाने हवेत अक्षरं रेखून जादू करणारा होऊन उठायचा. दहा वर्षांपूर्वी ही जादू अचानक विझली. आता शाओड झाला की अंगावर काळे डाग उमटतात, केस गळतात, हृदय थांबतं, तरी माणूस मरत नाही. भूक लागते पण भागत नाही. साधी ठेच लागली तरी तिची कळ कायमची राहते, कारण जखम भरतच नाही. युवराज राओडेन एका सकाळी असा उठतो. त्याला त्या कुजलेल्या शहरात ढकलून देतात आणि बाहेर जाहीर होतं, युवराज वारले. त्याची वाग्दत्त वधू सरीन जहाजातून उतरते ती थेट विधवा म्हणून, नवऱ्याचं तोंडही न पाहता, कारण करारातच तसं लिहिलेलं. आणि तिसरा ह्राथेन, परक्या धर्माचा मोठा पुजारी. तीन महिन्यांत हा देश धर्मांतरित कर, नाहीतर आम्ही तो नष्ट करू, असा हुकूम घेऊन आलेला.

इतकं जबरदस्त बीज! आणि तरी शंभरेक पानांनंतर मी अडखळायला लागले. सरीन हुशार आहे हे ती काही करून दाखवायच्या आधीच आपल्याला सांगितलं जातं. राओडेनमध्ये दोष म्हणून सापडत नाही. राजदरबारातले संवाद कॉलेजच्या कट्ट्यावरचे वाटतात. 'मिस्टबॉर्न'मध्ये जे न सांगता कळतं ते इथे दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांना समजावतात. मला खरंच वाईट वाटलं.

तर दोन प्रश्न. तुम्ही कुणी आवडत्या लेखकाचं पहिलं पुस्तक असं उलट्या क्रमाने वाचलंय का? आणि माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, मावशी काय वाचू म्हणून मागे लागलाय. त्याला सँडरसनमधलं आधी काय देऊ?

घाटमाथा (रविवार, रात्री ११:०५)

शेवटची दीडशे पानं होईपर्यंत मत राखून ठेवा. एवढंच सांगतो.

वेताळटेकडी (रविवार, रात्री ११:३१)

मी स्पष्टच लिहितो. भाच्याला 'मिस्टबॉर्न' द्या, 'एलान्ट्रिस' नको. लेखक मोठा झाला म्हणून त्याचा प्रत्येक कागद वाचलाच पाहिजे असं नाही. वाचायला वेळ आधीच कमी मिळतो. पहिली पुस्तकं अभ्यासकांसाठी असतात, वाचकांसाठी नसतात. मी 'एलान्ट्रिस' दोनशे पानांवर सोडलं आणि पुन्हा हातात घेतलं नाही.

रात्रपाळी (सोमवार, पहाटे ३:१२)

'पहिलं' या शब्दावरच थोडं लिहितो. हे सँडरसनचं छापून आलेलं पहिलं पुस्तक. लिहिलेलं सहावं! प्रकाशकाचा होकार येईपर्यंत तो तेराव्या कादंबरीवर पोचला होता. अमेरिकेत युटामधल्या प्रोव्हो गावात विद्यापीठात शिकत होता आणि एका हॉटेलात रात्रपाळीचा कारकून होता. रात्री पाहुणे झोपले की काउंटरवर बसून लिहायचा. ही नोकरी त्याने त्यासाठीच धरली होती. 'एलान्ट्रिस'चं बाड पाठवल्यावर सुमारे दीड वर्षाने संपादकाचा फोन आला, तोवर तो पुढची पुस्तकं लिहूनही मोकळा झाला होता.

मी औषधांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. 'एलान्ट्रिस' मी तिथेच वाचलं, रात्री दोन ते चार यंत्रं आपापली चालू असतात त्या वेळात. एलान्ट्रिसमध्ये पडलेल्या लोकांना वेदनेपेक्षा रिकामा वेळ जास्त मारतो. राओडेन काय करतो? त्यांना काम देतो. हा गवंडी, याने भिंती दुरुस्त करायच्या. हा झाडू मारणार. भूक जात नाही, पण काम करता करता तिचा विसर पडतो. आधीच्या पाच कादंबऱ्यांपैकी एकही न खपलेल्या माणसानेच हे लिहावं! हे वाचताना घड्याळाकडे बघायचं विसरलो होतो. वेताळटेकडी, तुम्ही जिथे पुस्तक सोडलंत तिथून पुढे हे फुलत जातं.

सोनचाफा (सोमवार, सकाळी ८:५०)

रात्रपाळी, प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली आहे.

मूळपान (सोमवार, सकाळी १०:२०)

वेताळटेकडींशी असहमत. पहिलं पुस्तक अभ्यासकांसाठी असतं, हे पटत नाही. विज्ञानकथा-लेखिका उर्सुला ले गिन घ्या. तिची पहिली कादंबरी 'रोकॅनन्स वर्ल्ड' १९६६ साली आली, तेही स्वस्त जोडपुस्तक म्हणून. एका बाजूने हिची कादंबरी, उलटं केलं की दुसऱ्याच लेखकाची. वाचताना लगेच कळतं की बाईंनी अजून ठरवलेलं नाही. एकीकडे अंतराळयान, दुसरीकडे तलवारी आणि उडणारी वाहनं-प्राणी, सगळं एकाच ताटात. पण क्षणात ताऱ्यापलीकडे निरोप पोचवणारं 'अ‍ॅन्सिबल' हे यंत्र आणि तो शब्द पहिल्यांदा तिथेच येतो. तो पुढे इतका रुजला की इतर लेखकांनीही वापरला. आणि १९७४ च्या 'द डिस्पझेस्ड'मध्ये त्यामागचं गणित मांडणारा शास्त्रज्ञच नायक होऊन येतो. म्हणजे आठ वर्षांपूर्वी सहज टाकलेलं बी. दोन वर्षांत 'अर्थसी'चा पहिला भाग, तीन वर्षांत 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. १९६६ ते १९६९! ती झेप किती मोठी होती हे फक्त १९६९ चं पुस्तक वाचून कळणार नाही.

मी हे तिन्ही फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून घेतले होते, उलट्या क्रमाने मिळाले तसे. 'रोकॅनन्स वर्ल्ड' सगळ्यात शेवटी. त्याला अजून त्या दुकानाचा वास आहे.

वेताळटेकडी (सोमवार, दुपारी १:१५)

मूळपान, तुम्ही झेपेबद्दल बोलताय. झेप बघायची इच्छा आधीच प्रेमात असलेल्या माणसाला होते. सोळा वर्षांच्या मुलाला नाही. धाग्यातला दुसरा प्रश्न तोच आहे.

मूळपान (सोमवार, दुपारी १:४०)

हा मुद्दा मान्य. पहिला प्रश्न मात्र प्रेमात असलेल्यांसाठीच आहे.

अर्धाकप (सोमवार, दुपारी ४:०२)

पण पहिलं म्हणजे कच्चं, हे समीकरण आपल्याकडे कुठे चालतं? 'कोसला' १९६३ ची, नेमाड्यांची पहिली कादंबरी. साठ वर्षं झाली, अजून तिच्यावर भांडणं होतात.

सोनचाफा (सोमवार, दुपारी ४:४५)

आणि जी. ए.? 'निळासावळा' हा पहिला कथासंग्रह १९५९ चा. 'काजळमाया' १९७२ ची. मी 'काजळमाया' आधी वाचली आणि नंतर 'निळासावळा' घेतला तेव्हा चांदणवेलसारखंच झालं. तिथे अजून गाव आहे, घरं आहेत, ओळखीचा संसार आहे. पुढच्या कथांमधलं ते नाव-गाव नसलेलं वाळवंट अजून यायचंय. सुरुवातीला मला ते कमी वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कमी वाटलं नाही, वेगळं वाटलं. 'निळासावळा'तल्या माणसांची मला जास्त काळजी वाटते.

अर्धाकप (सोमवार, संध्याकाळी ५:१०)

'निळासावळा'ला कच्चा म्हणाल तर मी इथून उठणारच नाही, रात्रभर भांडेन. :)

सोनचाफा (सोमवार, संध्याकाळी ५:१३)

म्हटलेलं नाही! वेगळा म्हटलंय. वर वाचा.

घाटमाथा (सोमवार, संध्याकाळी ६:००)

जी. एं.साठी वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. इथे फँटसीवर राहू. 'मालाझन' ही फँटसी मालिका वाचणाऱ्यांचं काय? स्टीव्हन एरिक्सनच्या 'गार्डन्स ऑफ द मून'बद्दल सगळेच सांगतात की पहिलं पुस्तक कसंबसं पार करा, दुसऱ्यापासून मजा. छापलं १९९९ मध्ये, पण लिहिलं त्याच्या कितीतरी वर्षं आधी. दुसरं हातात घेतलं की मधल्या वर्षांत लेखकाचा हात किती बसला ते पानोपानी दिसतं.

म्हापसेकार (सोमवार, रात्री ९:२५)

'एलान्ट्रिस'मधला माझा माणूस गॅलाडन, राओडेनचा शहरातला सोबती. दुलाडेल देशाचा. दुला लोक म्हणजे मोकळेढाकळे, आनंदी, अशी ख्याती, आणि हा एकटा सदा निराश! प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कोलो?' म्हणजे 'कळलं का?' आणि राओडेनला हाक 'सुले', म्हणजे मित्रा. मी मनात त्याचं भाषांतर करूनच वाचलं: "कळ्ळें मरे?" आमच्या वाड्यावर असा एक काका होता. सगळं वाईटच होणार हे आधी सांगायचा आणि मग सगळ्यात आधी मदतीला यायचा. गॅलाडन बोलायला लागला की मला त्याचाच आवाज ऐकू यायचा.

संवाद आजचे वाटतात, हे चांदणवेलचं म्हणणं बरोबर आहे. पण गॅलाडनच्या बाबतीत तेच फायद्याचं ठरलंय.

चांदणवेल (सोमवार, रात्री ९:५०)

"कळ्ळें मरे" आता डोक्यातून जाणार नाही! पान ३४० वर आहे. गॅलाडन मलाही फार आवडतोय.

जास्वंदी (सोमवार, रात्री ११:३५)

सरीनबद्दल मला बोलायचंय, कारण वर तिच्यावर जरा अन्याय झालाय.

मी पाच फूट दहा इंच आहे. सांगलीत. एकोणीस ते सव्वीस वर्षांपर्यंत माझ्या घरी कांदेपोह्यांचे किती कार्यक्रम झाले ते मोजणं मी सोडून दिलं होतं. "मुलगी चांगली आहे, पण" याच्यापुढे दोनच गोष्टी यायच्या: उंची किंवा बोलणं. सरीनही उंच आहे, फटकळ आहे, आणि पंचविशीच्या आसपास स्वतःला जवळजवळ लग्नाच्या बाजारातून बाद समजते. म्हणून तर ती न पाहिलेल्या राओडेनशी लग्नाला तयार होते. पत्रांतून आणि सिऑनमधून बोलताना त्याला ती आवडलेली असते. सिऑन म्हणजे ते प्रकाशाचे गोळे, दूरवरचा माणूस त्यातून दिसतो नि बोलतो. आणि ती उतरते तर तो वारलेला. तिने धरलेली एकमेव आशा. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन बसले होते.

ती हुशार आहे हे लेखक वारंवार सांगतो, मान्य. पण तलवारबाजी शिकवायच्या निमित्ताने दरबारातल्या बायकांना ती एकत्र आणते, तो भाग मला कुठल्याच मोठ्या पुस्तकात मिळाला नाही. सँडरसनने नंतर जास्त सफाईदार स्त्रिया लिहिल्या. 'मिस्टबॉर्न'मधली विन आहे, 'स्टॉर्मलाइट'मधली शॅलन आहे. पण लग्नाच्या बाजारातून नाकारल्या गेलेल्या बाईचा ओशाळेपणा त्याने पुन्हा इतका उघडा लिहिलेला नाही. हाताला सफाई आली की काही गोष्टी झाकल्याही जातात.

रात्रपाळी (मंगळवार, पहाटे २:४०)

जास्वंदीताई, हे वाचून मी सरीनची पहिली दोन प्रकरणं आत्ता परत काढली. तुम्ही म्हणता ते तिथे आहे. मी पुरुष म्हणून सरळ पुढे गेलो होतो.

वेताळटेकडी (मंगळवार, सकाळी ९:००)

जास्वंदी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुस्तक परत काढतोय.

ठिपक्यांची_रांगोळी (मंगळवार, सकाळी ११:२०)

जादूबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. (रहस्य फोडत नाही, तरी ज्यांना काहीच कळू द्यायचं नसेल त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्यावा.)

एलान्ट्रिसची जादू म्हणजे 'एऑन': हवेत बोटाने रेखलेली अक्षरं. रेष नेमकी हवी, लांबी नेमकी हवी, एक मूळ आकृती आणि तिच्यावर रचत गेलेल्या बाकीच्या. राओडेन ग्रंथालयात बसून रात्रंदिवस ही अक्षरं गिरवतो. प्रकाशाच्या रेषा उमटतात आणि विझतात. काय चुकतंय ते कळत नाही.

माझ्या सासूबाई रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढायच्या. मला शिकवताना एकदा माझी रांगोळी मिटेना. सगळ्या रेषा बरोबर, तरी शेवटचं टोक लोंबकळत राहिलं. त्यांनी रेषांकडे पाहिलंच नाही, ठिपके मोजले. खालच्या ओळीत एक ठिपका कमी होता. म्हणाल्या, रेघेला काय बोल लावतेस, पाया बघ. राओडेनला उत्तर सापडतं ते पान वाचताना मला तो उंबरठा आठवला आणि अंगावर काटा आला. उत्तर पहिल्या काही प्रकरणांतच आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं. पुस्तकाच्या सुरुवातीचा नकाशा उगीच छापलेला नाही, एवढं सांगते.

मंडळी, 'सँडरसनची पद्धत' म्हणून आज सगळे जे कौतुक करतात, जादूला नियम हवेत आणि शेवटचा उलगडा त्या नियमांतूनच व्हायला हवा, ते इथे या पहिल्या पुस्तकात पूर्ण आहे.

मूळपान (मंगळवार, दुपारी १२:०५)

वा! "पाया बघ." सुंदर. सँडरसनने तरुणपणी दोन वर्षं कोरियात धर्मसेवेत काढली होती. चित्रांसारखी अक्षरं रोज पाहिलेल्या माणसाला हे सुचलं असावं असं मला नेहमी वाटतं.

अर्धाकप (मंगळवार, दुपारी ३:३०)

एक वेगळा प्रश्न. मोठा झाल्यावर लेखकाने जुनं पुस्तक दुरुस्त करावं का? टेरी प्रॅचेटने केलं. 'द कार्पेट पीपल' १९७१ मध्ये आलं, लिहायला घेतलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. 'डिस्कवर्ल्ड' गाजल्यावर लोक ते मागायला लागले, तेव्हा १९९२ मध्ये त्याने ते बरंचसं नव्याने लिहून काढलं. प्रस्तावनेत तोच म्हणतो की या पुस्तकाचे लेखक दोन आहेत आणि दोघेही एकच माणूस. मी सुधारलेलं वाचलंय, गोड आहे. पण सतराव्या वर्षीचा मुलगा त्यात नेमका कुठे बोलतोय ते कळत नाही, आणि मला त्यालाच भेटायचं होतं.

घाटमाथा (मंगळवार, संध्याकाळी ४:१०)

सँडरसनने तसं केलं नाही याचा मला आनंद आहे. २०१५ मध्ये दहा वर्षांची आवृत्ती आली, त्यात किरकोळ दुरुस्त्या आणि शेवटी जादूबद्दल परिशिष्ट, पण कादंबरी तीच ठेवली. उलट स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणागणिक टिपणं देऊन ठेवली आहेत. काय कापलं, का कापलं, सगळं. राओडेनच्या वेड्या भावाचं एक उपकथानक होतं, ते छापण्यापूर्वी काढून टाकलं, तीही पानं तिथे वाचायला मिळतात. पुस्तकाचं मूळ नाव 'द स्पिरिट ऑफ अडोनिस' होतं, शहराचंही नाव अडोनिस. ग्रीक देवाची आठवण येते म्हणून बदललं. लिहायला शिकणाऱ्या कुणाहीसाठी ही टिपणं म्हणजे उघडं स्वयंपाकघर आहे.

पुस्तकाची बांधणीही बघा. तीन-तीन प्रकरणांचे गट: एक राओडेन, एक सरीन, एक ह्राथेन, तिघांचा काळ समांतर. शेवटाकडे ही घडी तो मुद्दाम मोडतो आणि मग धाप लागते. ती धाप थोडी जास्तच लागते, हे मीही मान्य करतो. शंभर पानांत इतकं घडतं की दोन मरणांचं दुःख करायला जागा उरत नाही.

सोनचाफा (मंगळवार, रात्री ८:१५)

ह्राथेन! त्याच्याबद्दल अजून कुणी लिहिलं कसं नाही? आधी दुलाडेलमध्ये त्याच्या हातून रक्तपात झालाय. तो आठवून इथे तरी लोक वाचावेत म्हणून तो घाईने, कपटाने, पण तळमळीने धर्म पसरवतो. आपली श्रद्धा फक्त तर्काची आहे, त्यात ओलावा नाही, ही त्याची टोचणी. आणि शेजारी त्याचाच शिष्य दिलाफ, ज्याच्यात नुसता जाळ. पहिल्या पुस्तकात खलनायक असा लिहिणाऱ्या लेखकाला मी बाकीच्या पन्नास चुका माफ करते.

चांदणवेल (गुरुवार, रात्री १:२०)

संपलं. आत्ताच. झोप लागणार नाही म्हणून लिहितेय.

घाटमाथा, बरोबर होतात तुम्ही. रात्रपाळी, कामाचा मुद्दा आधी वाचला नसता तर मी ती पानं भरभर उलटली असती. ठिपक्यांची रांगोळी, तो क्षण आला तेव्हा मी नकाशा काढून बघितला आणि कपाळावर हात मारला. जास्वंदी, मी सरीनवर लिहिलेलं मागे घेते. पूर्ण नाही, संवादांबद्दलचं राहू दे. पण बंदरावरचं ते प्रकरण मी परत वाचलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ती इतकी बडबड करते कारण रडायचं नाहीये.

शिवणी दिसतात, अजूनही दिसतात. शेवट घाईचा आहे. पण सहा वर्षांत या लेखकाची इतकी पानं वाचूनही तो मला इतका जवळ बसलेला वाटला नव्हता.

भाच्याचं अजून ठरलेलं नाही.

वेताळटेकडी (गुरुवार, सकाळी ८:४०)

मी आता दोनशे ऐंशीवर आहे. माझं मत अजून 'मिस्टबॉर्न'. मुलाला आधी गोडी लागू दे. पण वाचकांसाठी नसतात हे जे लिहिलं होतं ते खोडतो.

जास्वंदी (गुरुवार, सकाळी ९:३०)

दोन्ही पुस्तकं त्याच्यासमोर ठेवा. पहिली दहा पानं वाचून त्यालाच निवडू दे.

चांदणवेल (१७ दिवसांनी, रविवार, रात्री ९:१०)

धागा वर काढतेय, कारण सांगायलाच हवं.

जास्वंदीचं ऐकलं. दोन्ही दिली. त्याने 'एलान्ट्रिस' उचललं, कारण ते एकाच पुस्तकात संपतं आणि बारावीचे क्लास सुरू आहेत. ताईने परवा त्याची भौतिकशास्त्राची वही दाखवली. समासात सगळीकडे एऑन काढलेत, पट्टीने.

आज दुपारी त्याचा फोन आला. कच्चं आहे, लांबलंय, काही म्हणाला नाही. एकच विचारलं: "मावशी, ह्राथेनचं शेवटी काय होतं? फक्त चांगलं की वाईट एवढं सांग."

मी सांगितलं नाही. अजून सत्तर पानं राहिलीत त्याची.